एकाच माणसाच्या चार फायली

२०२०च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात गुळवेलीला जे दिवस आले, तसे तिला आधी कधी आले नव्हते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी, म्हणून लोक बांधाबांधानं ती शोधत फिरत होते. शहरात भाजीवाल्याकडे तिच्या कांड्यांच्या जुड्या दिसू लागल्या. काढा, रस, गोळ्या, चूर्ण अशा नाना रूपांत ती घरोघरी शिरली. कोरोनावर नेमकं औषध हाताशी नव्हतं, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला टीव्हीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडून येत होता. ती वाढली तर चांगलंच, जास्त वाढली तर आणखी चांगलं, असा बहुतेकांचा हिशेब होता.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले. नेहमीची कारणं तपासून बाजूला ठेवल्यावर सहाही जणांच्या माहितीत एक गोष्ट सारखी उरत होती, ती म्हणजे गुळवेल. त्यातला एक रुग्ण दगावला. २०२१ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’त हा अभ्यास छापून आला आणि वादाला तोंड फुटलं. गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं आहे, रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हेच तपासलेलं नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतेकांच्या यकृताची सूज ऑटोइम्यून धाटणीचीच होती.

वेल दोषी की निर्दोष, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. मुंबईच्या डॉक्टरांच्या निष्कर्षाचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चेत आला नाही. गुळवेलीनं ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा आजार निर्माण केला असेल, किंवा आधीपासून गुपचूप चालू असलेला ऑटोइम्यून यकृतविकार उघडा पाडला असेल, असं त्यांनी म्हटलं होतं. ज्यांना अशा आजारांची प्रवृत्ती आहे त्यांनी विशेष जपावं, असंही सुचवलं होतं. म्हणजे आपलं यकृत वर्षानुवर्षं धुमसतंय हे ठाऊकच नसलेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. अशा माणसांच्या अंगात कित्येकदा त्याच जातकुळीचा दुसरा एखादा आजारही असतो. कुणाच्या गळ्यात थायरॉईड, कुणाच्या बोटांत आमवात, कुणाच्या कातडीवर कोड. पुढची सगळी पानं या सोबतीनं येणाऱ्या आजारांबद्दल आहेत.

ऑटोइम्यून म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येतं. बाहेरच्या जंतूंवर तुटून पडण्यासाठी असलेली शरीराची यंत्रणा आपल्याच पेशींना परकं समजू लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं ही शक्यता मांडली ती धास्तीच्या सुरात. शरीर असा आत्मघात सहसा होऊ देत नाही, असं त्याचं मत होतं. त्याच्या नावाचा दबदबा एवढा, की पुढची कित्येक दशकं या दिशेनं फारसं कुणी गेलं नाही. १९५६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनियाक आणि आयव्हन रॉइट यांनी हाशिमोटो थायरॉईडायटिसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी दाखवून दिल्या. शरीर स्वतःवर उलटतं याचा तो सणसणीत पुरावा होता. याच डोनियाक आणि रॉइट यांनी १९६५ साली जेफ्री वॉकर आणि यकृतशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या शीला शेरलॉक यांच्यासोबत प्रायमरी बिलियरी सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधल्या. ही तपासणी आजही या आजाराच्या निदानाचा कणा आहे. गळ्यातल्या ग्रंथीपासून निघालेली वाट नऊ वर्षांत यकृतापाशी पोचली ती त्याच माणसांच्या हातून, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

यकृताच्या बाजूची कथा थोडी आधी सुरू होते. १९५० साली स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण मुलींमध्ये दिसणाऱ्या चिवट हिपॅटायटिसचं वर्णन केलं. या मुलींच्या रक्तात ग्लोब्युलिन प्रथिनं भरमसाट वाढलेली असत, पाळी बंद झालेली असे. १९५६ साली मेलबर्नच्या इयान मॅके यांना अशाच रुग्णांच्या रक्तात ल्युपसच्या रुग्णांत सापडणाऱ्या पेशी दिसल्या आणि आजाराला ‘ल्युपॉईड हिपॅटायटिस’ हे नाव मिळालं. ल्युपस हा कातडी, सांधे, मूत्रपिंडं असं सगळं शरीर धरणारा ऑटोइम्यून आजार. यकृताचा हा आजार वेगळा आहे हे पुढं स्पष्ट झालं आणि १९६५ पासून त्याला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणू लागले. तरी जन्मापासूनच त्याच्या नावात दुसऱ्या आजाराची सावली होती. १९७१ साली शेरलॉक यांच्या गटानं स्टिरॉईडमुळे या रुग्णांचे जीव वाचतात हे पद्धतशीर चाचणीनं दाखवलं. यकृताचे इतके जुने आणि इतके जीवघेणे आजार गोळ्यांनी आटोक्यात येण्याची उदाहरणं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

आज यकृताच्या ऑटोइम्यून आजारांत तीन नावं ठळक आहेत. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये हल्ला यकृताच्या मुख्य पेशींवर होतो. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसमध्ये यकृतातल्या बारीक पित्तनलिका झिजतात. याचंच जुनं नाव प्रायमरी बिलियरी सिऱ्हॉसिस. निदान झालं की सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत वणांनी भरून कडक होणं, झालाच, असा गैरसमज त्या नावानं व्हायचा, म्हणून २०१५च्या सुमारास ते बदललं. तिसरा आजार प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. त्यात मोठ्या पित्तनलिका वण पडून आकसतात. पहिले दोन प्रामुख्यानं बायकांचे आजार. दुसऱ्यात, म्हणजे बिलियरी कोलँजायटिसमध्ये, तर दहा रुग्णांत नऊ बायका असतात. तिसऱ्यात पुरुषांचं पारडं जड.

प्रत्येकाची सोबत ठरलेली. ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला आणखी एखादा ऑटोइम्यून आजार असतो, आणि त्यात थायरॉईड सर्वांत पुढं. त्यामागून आमवात, कोड, टाइप वन मधुमेह, सीलिएक, आतड्यांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस. बिलियरी कोलँजायटिसच्या बाईला डोळे चुरचुरणं, तोंड कोरडं पडणं, भाकरीचा घास पाण्याशिवाय न उतरणं अशा तक्रारी असतात. ही श्योग्रेन आजाराची खूण. काहींना थंडीत बोटं पांढरीफटक पडतात आणि कातडी ताठरते, म्हणजे स्क्लेरोडर्मा. स्क्लेरोझिंग कोलँजायटिसच्या बहुसंख्य रुग्णांच्या मोठ्या आतड्यात सूज सापडते, मग त्यांना जुलाबाची तक्रार असो वा नसो. हे सगळं एका माणसात का जमतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी जनुकांत आहे. शरीराला आपलं-परकं ओळखायला शिकवणाऱ्या एचएलए जनुकांचे डीआर३ आणि डीआर४ असे काही प्रकार यातल्या अनेक आजारांत पुन्हा पुन्हा आढळतात. म्हणून आईला थायरॉईड, मावशीला आमवात आणि मुलीला यकृताचा आजार अशी घरं सापडतात.

आता सोलापुरात यायला हवं, कारण वैद्यकाच्या पुस्तकातला आजार आणि गावातला आजार यांच्यामध्ये बरंच काही घडत असतं.

सोलापुरात कावीळ झाली की पहिला संशय पाण्यावर जातो. उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतरानं येतं, ते घराघरांत पिंपात साठवलं जातं. ‘नळाला चार दिसांनी पाणी येतंय डॉक्टर, त्येच बाधलं असंल,’ हे निदान पेशंट स्वतःच घेऊन येतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई आपल्याकडे नवे नाहीत, आणि हे दोन्ही साधारण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. आपोआप बरं होण्याच्या या गुणावर काविळीचे सगळे गावठी उपचार उभे आहेत. नाकात पिळलेला झाडपाला आहे, चुन्याच्या पाण्यात पिवळे पडणारे हात आहेत, आणि काविळीची माळ आहे. ओल्या काटक्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफून ही माळ करतात. दिवसागणिक ती लांबत जाते आणि छातीखाली उतरली की कावीळ उतरली असं मानतात. काटक्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा सुटा होत जातो. कुणाच्याही गळ्यात ती तेवढीच लांबते, कावीळ असो वा नसो.

पाण्याच्या काविळीत या माळेनं फारसं बिघडत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये मात्र ती घात करते, कारण हा आजारही चढतो आणि उतरतो. डोळे पिवळे होतात, दोन महिन्यांत निवळतात, वर्षभरानं पुन्हा होतात. प्रत्येक उताराचं श्रेय कुठल्यातरी औषधाला मिळतं आणि प्रत्येक चढाचा दोष पाण्याला. आत यकृतात वण साचत राहतात. जगभरचा अनुभव असा, की निदान होतं तेव्हाच सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सिऱ्हॉसिस झालेला असतो.

एक चित्र कल्पून पाहू. ते कुणा एकीचं नाही, पण डॉक्टरांना ओळखीचं वाटेल. विडी वळणाऱ्या घरातली पस्तिशीची बाई. बोटं आखडतात, तर विडी वळून आखडली असं घरचे म्हणतात. डोळे चुरचुरतात, तर तंबाखूची धूळ. बाळंतपणानंतर थकवा गेलाच नाही, तर रक्त कमी. थायरॉईडची गोळी एका दवाखान्यात सुरू झाली, हाडांच्या डॉक्टरांकडून सांध्यांचं औषध आलं, मानेवरच्या पांढऱ्या डागासाठी तिसऱ्याकडून मलम. पोटाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं, तेव्हा चौथ्यानं वजन कमी करा म्हणून सांगितलं. चार दवाखाने, चार फायली. चारही जण आपापल्या फायलीपुरते बरोबर असू शकतात. फायली एकत्र येतात त्या प्लॅस्टिकच्या एका पिशवीत, आणि ती पिशवी उघडून सगळे कागद ओळीनं लावून पाहणं हे कुणाचंच ठरलेलं काम नसतं.

त्या पिशवीत बहुधा एक स्वस्त कागद असतो, लिव्हर फंक्शन टेस्टचा. नजर आधी बिलिरुबिनवर जाते, मग एसजीपीटीवर. ती बरी असली की कागद घडी घालून परत. खाली तीन ओळी उरतात, टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन. साधारणपणे अल्ब्युमिन जास्त आणि ग्लोब्युलिन कमी असतं. ग्लोब्युलिन तीन-साडेतीन ग्रॅमच्या आत राहायला हवं. समजा, त्या बाईच्या कागदावर अल्ब्युमिन ३.१ आहे आणि ग्लोब्युलिन ४.८. हिशेब उलटा झाला. अँटिबॉडी ही ग्लोब्युलिनचीच एक जात. तिचा साठा एवढा का फुगलाय, हा प्रश्न या एका ओळीवरून विचारता येतो. वाल्डेनस्ट्रॉमनं १९५० साली जे टिपलं होतं, ते कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेतल्या रिपोर्टवर आज छापून येतं. त्यापुढं आयजीजी, एएनए, स्मूथ मसल अँटिबॉडी, मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची एएमए अशा तपासण्या करायच्या आणि गरजेनुसार यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सी.

उलट बाजूचा धोकाही तेवढाच खरा आहे. अँटिबॉडी सापडली म्हणजे आजार ऑटोइम्यून, असं धरून चालत नाही. साध्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांतही एएनए थोड्या प्रमाणात पॉझिटिव्ह येते आणि तेवढ्यावर स्टिरॉईड सुरू झालं, तर साखर आणि वजन वाढून यकृत अधिकच चरबट होतं. हिपॅटायटिस सी हा तर नकला करण्यात पटाईत. त्यात सांधे दुखतात, तोंड कोरडं पडतं, आमवाताची म्हणून ओळखली जाणारी आरए फॅक्टर चाचणी पॉझिटिव्ह येते. अशा माणसाला आमवात समजून मेथोट्रेक्झेट दिलं, तर आधीच आजारी असलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. खरं कारण होतं विषाणू, आणि त्यावर आता थोड्या महिन्यांच्या गोळ्यांचा उपचार आहे. जुलै २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तो मोफत मिळतो. म्हणून कुठलाही ऑटोइम्यून शिक्का मारण्याआधी बी आणि सी या दोन विषाणूंची तपासणी व्हायलाच हवी. औषधांची यादीही विचारायला हवी. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर दिलं जाणारं नायट्रोफ्युरंटॉइन, मुरुमांसाठीचं मिनोसायक्लीन यांनीही हुबेहूब असाच हिपॅटायटिस होतो. घरगुती काढेही त्याच यादीत लिहावेत. ते औषध नव्हेच असं वाटल्यानं पेशंट ते आपणहून सांगत नाहीत.

यकृताच्या आतही सरमिसळ असते. एकाच रुग्णात ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि बिलियरी कोलँजायटिस या दोहोंच्या खुणा दिसतात, त्याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणायची प्रथा पडली. १९९८ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी बिलियरी आजाराच्या १३० रुग्णांची छाननी केली, तेव्हा १२ जणांत अशी सरमिसळ मिळाली. त्यांनी निदानासाठी घालून दिलेले निकष आजही पॅरिस निकष म्हणून वापरात आहेत. पुढं २०११ साली या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय गटानं सावध केलं, की ओव्हरलॅप हा वेगळा तिसरा आजार मानू नये. जो आजार वरचढ आहे त्याचं नाव द्यावं आणि दुसऱ्याच्या खुणांवर लक्ष ठेवावं. हा नुसता नावांचा काथ्याकूट नाही. हिपॅटायटिसला स्टिरॉईड लागतं, पित्तनलिकांच्या आजाराला अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. एकच औषध देऊन रिपोर्ट सुधारत नसेल, तर दुसरा आजार राहून गेलाय का, हे पाहावं लागतं.

लहान मुलांत तर ही सरमिसळ डोळ्यांत भरण्याइतकी मोठी आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी लक्षणं असलेल्या ५५ मुलांच्या पित्तनलिकांची तपासणी मुद्दाम केली गेली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातल्या २७ मुलांच्या पित्तनलिकाही बाधित होत्या. रक्ताच्या रिपोर्टवरून हा फरक कळत नव्हता. तेव्हापासून अशा मुलांची एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घेण्याकडे कल आहे.

चार फायली वेगळ्या राहण्याची खरी किंमत औषधांत मोजावी लागते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये स्टिरॉईडच्या जोडीला ॲझाथायोप्रीन हे औषध वर्षानुवर्षं चालतं. समजा, पेशंटचा पायाचा अंगठा सुजला, दुसऱ्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासलं आणि ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं. ॲझाथायोप्रीनचा निचरा ज्या एन्झाइमनं होतो, नेमकं तेच ही औषधं अडवतात. मग ॲझाथायोप्रीनचा अंश शरीरात साचतो आणि अस्थिमज्जा रक्तपेशी बनवायची थांबते. गंमत अशी, की ॲझाथायोप्रीन आणि ॲलोप्युरिनॉल ही दोन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या एकाच प्रयोगशाळेतून आली. १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं. ती एकमेकांवर काय परिणाम करतात हे शोधणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना मात्र एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसलेल्या नसतात. भर म्हणून आशियाई लोकांपैकी काहींत एनयूडीटी१५ या जनुकाचा असा प्रकार असतो, की त्यांना ॲझाथायोप्रीनचा साधा डोसही झेपत नाही. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तपेशींची मोजणी पुन्हा पुन्हा करायची ती यासाठी.

मधुमेहाच्या फायलीतही असाच एक सापळा आहे. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी लाल पेशींच्या आयुष्यावर बेतलेली आहे. सिऱ्हॉसिसमध्ये प्लीहा वाढते, लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खरा असायला हवा त्याहून कमी येतो. स्टिरॉईडमुळे साखर वाढत असते आणि कागद सांगतो, ‘नियंत्रणात’. तिथं ग्लुकोमीटरवर बोटातून घेतलेली साखर अधिक भरवशाची. स्टिरॉईड सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची चौकशी करावी लागते, कारण दबलेले हे दोन्ही शत्रू प्रतिकारशक्ती उतरली की डोकं वर काढतात. हाडं ठिसूळ होण्याचा धोका तर दुहेरी आहे, स्टिरॉईडमुळे एक आणि पित्तनलिकांच्या आजारामुळे दुसरा.

या साऱ्या सोबत्यांपैकी सीलिएक आजार सोलापूरकरांनी खास ओळखून घ्यावा असा आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झडतं, आणि काही जणांत पोटाची काही तक्रार नसताना फक्त यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात. फिनलंडच्या डॉक्टरांनी २००२ साली यकृताचा गंभीर आजार असलेले चार सीलिएक रुग्ण मांडले. गहू बंद केल्यावर त्यांच्या यकृताची स्थिती सुधारली, आणि त्यातल्या काहींचं तर प्रत्यारोपणाच्या दृष्टीनं मूल्यमापन चाललं होतं. भारतात हा आजार उत्तरेत हजारी साधारण आठ लोकांत आढळतो, दक्षिणेत जवळजवळ नाहीच. जनुकं दोन्हीकडे बरीच सारखी. मोठा फरक आहे तो ताटातल्या गव्हाचा.

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. रब्बीच्या ज्वारीत सर्वदूर पसरलेला मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रातला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीत ग्लुटेन नाही. मोठ्या शहरातल्या सीलिएक रुग्णाला महागड्या पाकिटातून जे विकत घ्यावं लागतं, ते इथं तव्यावरच्या भाकरीत आणि महिनाभर टिकणाऱ्या कडक भाकरीत आयतं आहे. पण दोन ठिकाणी फसगत होते. गिरणीवाल्यानं आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळून त्याच जात्यात ज्वारी टाकली, की पहिल्या पायलीत गव्हाचं पीठ मिसळतंच. आणि फोडणीतल्या हिंगाचा खडा बांधायला बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ वापरतात. पथ्य पाळूनही अँटिबॉडी उतरत नाहीत म्हणून पेशंट रडकुंडीला येतो, तेव्हा घरातल्या पिठाचा डबा आणि हिंगाची डबी यांची चौकशी करावी लागते.

या आजारांचं अर्थकारणही वेगळं आहे. २०१२ साली राज्य सरकारची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि शस्त्रक्रिया, इस्पितळातला मुक्काम अशा मोठ्या खर्चांना मोठा आधार देते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा पेशंट मात्र चांगला सांभाळला गेला तर दाखल होतच नाही. त्याला लागतात रोजच्या गोळ्या, ठरावीक काळानं रक्ताच्या तपासण्या आणि वर्षानुवर्षं तेच ते दार. बहुतेकांचा आजार औषध बंद केल्यावर परततो. पैशांची ओढाताण झाली की आधी तपासणी सुटते, मग गोळी. योजनेच्या कक्षेत तो येतो तो जलोदर घेऊन किंवा रक्ताची उलटी होऊन. यकृत निकामी झालं तर वाट पुण्याची, सुमारे अडीचशे किलोमीटर. अवयवदानाची प्रतीक्षायादीही पुण्याच्या समन्वय समितीमार्फतच चालते. नवं यकृत बसलं तरी प्रतिकारयंत्रणा जुनीच असते, आणि काही रुग्णांत मूळ आजार नव्या यकृतातही परततो. यातला बराचसा प्रवास टळू शकतो तो सोलापूरच्याच एखाद्या ओपीडीत. १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे, खासगी आणि सहकारी रुग्णालयं आहेत. संशय घ्यायला लागणारी तपासणी गल्लीतल्या प्रयोगशाळेत होते.

पुढची प्रकरणं दोन वाचकांसाठी लिहिली आहेत. पहिला वाचक फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडे सगळ्या फायली येतात आणि तीन पिढ्यांची माहिती त्यांच्या डोक्यात असते. दुसरा वाचक ती पिशवी घेऊन फिरणारा पेशंट आणि त्याच्यासोबत येणारा घरचा माणूस. प्रत्येक आजाराला एक प्रकरण, अशी नेहमीची मांडणी मुद्दाम टाळली आहे. आजार जोड्यांनी दिले आहेत, यकृत आणि थायरॉईड, यकृत आणि सांधे, यकृत आणि आतडं, यकृत आणि कातडी. प्रत्येक जोडीत कुठला आजार आधी दिसतो, कुठला लपतो, एकाचं औषध दुसऱ्याला कुठं नडतं आणि कुठं दोन्हींना पुरतं, हे क्रमानं येतं. गर्भारपण आणि मुलांचं वाढीचं वय यांना स्वतंत्र जागा आहे, कारण बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हा आजार उसळी मारतो आणि नेमकं तेव्हाच बाईची तपासणी मागं पडते. शेवटी चालू औषधांचा एकपानी तक्ता आहे. गोळीचं नाव, ती कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केली, एवढे चारच रकाने. काढे, चूर्णं आणि गावठी औषधं याच तक्त्यात लिहायची आहेत. तो भरून प्रत्येक दवाखान्यात पहिला कागद म्हणून पुढं करावा. पहिल्या प्रकरणाची सुरुवात लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टपासून होते, आणि तो वाचायचा आहे खालून वर, ग्लोब्युलिनच्या ओळीपासून.